उन्हाळ्यात वाचायला दरबारी कारस्थानांच्या कादंबऱ्या कोणत्या? कोणत्या क्रमाने?

तुमचा प्रश्न असा आहे: मे महिन्याच्या सुट्टीत राजदरबारातल्या डावपेचांवरच्या मराठी कादंबऱ्या वाचायच्या आहेत, लढाया कमी असल्या तरी चालतील, सुरुवात कुठून करू?

पेशवाईपासून करा. आणि पुस्तकं प्रकाशनाच्या सालाने न लावता आतल्या घटनांच्या क्रमाने लावा. एकच घराणं, एकच वाडा आणि तीच भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली, त्यामुळे एका पुस्तकातली माणसं पुढच्यात म्हातारी होऊन भेटतात.

त्याआधी एका कागदावर वंशावळ मांडून घ्या, कारण बहुतेक वाचक अडतात ते नावांवर. बाळाजी विश्वनाथांचे मुलगे थोरले बाजीराव आणि चिमाजीअप्पा. बाजीरावांचे नानासाहेब आणि रघुनाथराव, शिवाय मस्तानीचा समशेरबहाद्दर. चिमाजीअप्पांचे सदाशिवराव. नानासाहेबांचे विश्वासराव, माधवराव, नारायणराव. नारायणरावांचे सवाई माधवराव. रघुनाथरावांचे दत्तक अमृतराव, मग दुसरे बाजीराव आणि आणखी एक चिमाजीअप्पा. प्रत्येकापुढे घरातलं नावही लिहा. संवादांत ‘दादासाहेब’ म्हणजे रघुनाथराव, ‘भाऊ’ म्हणजे सदाशिवराव. ‘नाना’ आलं की मात्र थांबायचं: नानासाहेब पेशवे की नाना फडणीस, ते साल पाहून ठरवायचं.

पहिलं पुस्तक रणजित देसाईंचं ‘स्वामी’ (1962). भाषा सोपी आहे. काळ 1761 ते 1772, पानिपतच्या पराभवानंतर वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आलेले माधवराव आणि कारभार हातचा सोडायला तयार नसलेले काका. यातला आळेगावचा पेच सावकाश वाचा. 1762 साली रघुनाथराव निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून येतात, आणि लढाई अंगावर आल्यावर सतरा वर्षांचा पेशवा स्वतःहून काकांच्या गोटात जाऊन स्वाधीन होतो. वरवर ही माघार. पण घर फुटलं तर फावणार निजामाचं, हा हिशेब त्यामागे आहे, आणि पुढच्याच वर्षी राक्षसभुवनाला निजामाचा पराभव होतो. वाचताना पेशव्यांचे कारभारी सखारामबापू बोकील या घडीला नेमके कोणाच्या बाजूचे, हे अधूनमधून स्वतःला विचारत राहा; पेशवाईतल्या मुत्सद्द्यांना ‘साडेतीन शहाणे’ म्हणत, त्यांतले एक पूर्ण शहाणे त्यांना उगाच म्हणत नाहीत. देसाई रमा-माधवांच्या प्रसंगांवर रेंगाळतात. केवळ मसलतींसाठी वाचणाऱ्याला ती पानं जड जातील, पण गाळू नका, थेऊरचा शेवट त्यांच्यावरच उभा आहे.

‘स्वामी’ संपते आणि खरं कारस्थान तिथून नऊ महिन्यांवर आहे. 30 ऑगस्ट 1773, ऐन गणेशोत्सवात गारद्यांनी (पगारी शिपायांनी) शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला. ही जागा कादंबरीपेक्षा नाटकाने भरा: खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ (1909). रघुनाथराव, त्यांची पत्नी आनंदीबाई आणि जाब विचारणारे न्यायाधीश रामशास्त्री. एका दुपारचं वाचन आहे, फक्त संवाद जुन्या वळणाचे असल्याने मोठ्याने वाचले तर लवकर लागतात.

पुढे ना. सं. इनामदार. त्यांची गंमत अशी की ते बदनाम माणसाचं वकीलपत्र घेतात. ‘झेप’ (1963) दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांची, ‘झुंज’ (1966) यशवंतराव होळकरांची, ‘मंत्रावेगळा’ (1969) दुसऱ्या बाजीरावांची. तेव्हा त्यांचा नायक म्हणेल ते सगळं इतिहास म्हणून घ्यायचं नाही. इथे मात्र प्रकाशनाचा क्रम मोडून आधी ‘झुंज’ घ्या. 1801 मध्ये बाजीरावांनी यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, 1802 च्या ऑक्टोबरात यशवंतराव हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेवर जिंकले, आणि वर्ष संपता संपता बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह केला. हा धागा डोक्यात बसला की मग ‘झेप’ आणि शेवटी ‘मंत्रावेगळा’. होळकरांच्या बाजूने ज्याच्यावर दात-ओठ खाल्ले, त्याच बाजीरावांच्या बाजूने विचार करायला लागतो. ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’ या जोडीइतका दरबारी राजकारणाचा दुसरा धडा मला मराठीत माहीत नाही. इनामदारांचीच ‘राऊ’ (1972) थोरल्या बाजीरावांची, पेशवाईतल्या या सगळ्यांच्या आधीच्या काळातली, पण तिच्यात कारस्थान घरगुती आहे. मधे केव्हाही वाचली तरी चालेल.

पेशवाईच्या आधीची, संभाजीराजांवरची ‘छावा’ (1979) बहुतेक जण पहिली उचलतात आणि अर्ध्यावर ठेवतात. पुस्तक जाड, शिवाजी सावंतांची शैली अलंकारिक. पण कारस्थानासाठी 1680 चा रायगड घ्या: शिवाजी महाराज गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत राजारामांचं मंचकारोहण, अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत हे प्रधान संभाजीराजांना धरायला पन्हाळ्याकडे निघालेले, आणि राजारामांच्या आई सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सेनापती हंबीरराव मोहिते ऐनवेळी संभाजीराजांच्या बाजूला. उन्हाळ्यात तेवढा भाग वाचलात तरी पुरे.

वेळेचं म्हणाल तर रोज चाळीसेक पानं धरा आणि दोन जाड पुस्तकांच्या मधे एक नाटक ठेवा. ‘भाऊबंदकी’ झालं की दुसरं तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’. ते नाना फडणीसांचं चरित्र समजून वाचू नका. 1791 ची घाशीरामाची घटना घेऊन सत्ता माणसं कशी वापरते आणि टाकते, हे त्यात मांडलंय. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ मुद्दाम यादीत घेतलेली नाही. कादंबरी उत्तम आहे, पण तिथलं राजकारण छावणीतलं आणि तुम्हाला नको असलेली लढाई भरपूर.