वाचकांचे प्रश्न : मिद्राश कुठून वाचावा?

प्रश्न : अब्राहामाने बापाच्या मूर्ती फोडल्या, ही गोष्ट ऐकून मराठी बायबलात शोधली. सापडली नाही. ती मिद्राशात, म्हणजे रब्बींनी (यहुदी धर्मपंडितांनी) केलेल्या बायबलच्या विवरणात, आहे म्हणतात. हिब्रू येत नसताना मिद्राश वाचता येईल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : बायबलात ती नाहीच; ती ‘बेरेशीत रब्बा’ या उत्पत्तीवरच्या मिद्राशाच्या ३८व्या प्रकरणात आहे. उत्पत्ति ११:२८ एवढेच सांगते, की अब्राहामाचा भाऊ हारान आपला बाप तेरह याच्यादेखत ऊर गावी मेला. बापाआधी मुलगा का गेला? रब्बींना हे खटकले. शिवाय ‘ऊर’ या नावात हिब्रू कानाला आग ऐकू येते. फोडलेल्या मूर्ती, राजा निम्रोद, त्याचे अग्निकुंड आणि त्यात हारानचा मृत्यू ही सगळी गोष्ट या वचनाला जोडलेली आहे. मिद्राश हा शब्दच शोधणे, विचारणे या अर्थाच्या धातूचा. म्हणून गोष्ट मागाहून वाचा, आधी वचनातली अडचण शोधा.

सुरुवातीला उत्पत्ति ४:८ घ्या, जिथे काइन आपला भाऊ हाबेल याला मारतो. हिब्रूत ‘काइन हाबेलला म्हणाला’ असे येते आणि काय म्हणाला ते येतच नाही. पुढच्याच शब्दांत दोघे शेतात. अनेक भाषांतरे तिथे ‘चल, शेतात जाऊ’ असे ठिगळ लावतात. मग मिद्राशाचा प्रश्नच दिसत नाही आणि उत्तर उगाच रचल्यासारखे वाटते. म्हणून दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवा.

आता बेरेशीत रब्बाचे २२वे प्रकरण. भांडण कशावरून? एक मत : एकाने जमीन घेतली, दुसऱ्याने जंगम माल. ‘तू उभा आहेस ती जमीन माझी.’ ‘तुझ्या अंगावरचे कपडे माझे, काढ!’ (बांधावरून कोर्टात गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) दुसरे मत : यरुशलेमचे मंदिर कोणाच्या वाट्यात बांधायचे यावरून. तिसरे : बाईवरून. खरे कोणते, हे ग्रंथ ठरवत नाही. तुम्हीही ठरवू नका.

दुसऱ्या मताला आधार मीखा ३:१२ चा, कारण तिथे सियोन (मंदिराची टेकडी) शेतासारखे नांगरले जाईल असे आहे. सगळा जोड ‘शेत’ या एका शब्दावर. मिद्राश वचनाचे बहुधा चारच शब्द देतो आणि खुबी पुष्कळदा न दिलेल्या भागात असते, तेव्हा प्रत्येक वचन उघडून पूर्ण वाचा.

इथे एक घोळ होतो : हिब्रू आणि मराठी बायबलांत वचनांचे क्रमांक कधी कधी वेगळे असतात. हिब्रू निर्गम ८:१५ म्हणजे मराठी बायबलातले ८:१९. संदर्भ जुळेना, तर चार-पाच वचने पुढेमागे पाहा.

‘पतिख्ता’ हा मिद्राशातला प्रस्तावनेचा प्रकार कीर्तनाच्या उलटा. कीर्तनकार मूळ अभंग आधी म्हणतो. इथे सुरुवात दूरच्या वचनाने, बहुधा स्तोत्रे वा नीतिसूत्रे यांतल्या, आणि ज्यावर प्रवचन आहे ते त्या दिवशीच्या वाचनातले वचन शेवटी. शेवटची ओळ आधी वाचलीत तर वाट सापडते.

आठवड्याला एकच उतारा पुरे, पण जोडीदार घेऊन आणि मोठ्याने. यहुदी अभ्यासात या जोडीला हाव्रुता म्हणतात. मेखिल्ता, सिफ्रा, सिफ्रे हे मिद्राशग्रंथ बरेचसे कायद्याच्या अंगाने जातात, ते नंतर.

प्रश्न : मराठीत काही आहे का?

उत्तर : बेने इस्राएलांसाठी (मराठी बोलणाऱ्या यहुद्यांसाठी) १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापली गेली. वल्हांडण या यहुदी सणाला वाचायच्या या पोथीत मिद्राश भरपूर आहे. रब्बी योसे म्हणतात : मिसरात देवाचे ‘बोट’ म्हटले तेव्हा पीडा १०, समुद्रावर ‘हात’ म्हटले, म्हणजे ५०. रब्बी अकिवांचा हिशेब २५० वर जातो.