चिल्लर, क्यूआर आणि अर्धं तिकीट : बसप्रवासाचे तुमचे प्रश्न

नागपुरातल्या सिटी बस आणि एसटीच्या भाड्याबद्दल आलेली पत्रं यावेळी एकत्र घेतली आहेत. मोरभवनचं बसस्थानक असो की गणेशपेठचं, वाद बहुधा त्याच चार-पाच गोष्टींवरून होतात. त्यातल्या निम्म्या वादांत कंडक्टरचा दोष नसतो आणि प्रवाशाचाही नसतो.

प्रश्न : बर्डीहून हिंगण्याला जाताना क्यूआर स्कॅन केला. खात्यातून पैसे गेले, पण कंडक्टरच्या मशीनवर काही आलं नाही. तो म्हणतो, "ताई, मले पैसे नाही भेटले, रोख द्या." दोनदा पैसे का भरायचे?
— नोकरदार वाचक, शंकरनगर

उत्तर : तुमचे पैसे गेले हे खरं आणि त्याला कळलं नाही हेही खरं. रक्कम तुमच्या बँकेतून निघते, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेमार्फत समोरच्या बँकेत जाते आणि पैसे मिळाल्याचा निरोप सगळ्यात शेवटी मशीनपर्यंत येतो. बहुतेक वेळा हा शेवटचा निरोपच अडकतो. मशीन तिच्या स्वतःच्या सिमवर चालते, त्यामुळे तुमच्या फोनला रेंज आहे म्हणून तिलाही असेलच असं नाही. शिवाय धावत्या बसमध्ये सिग्नल या टॉवरवरून त्या टॉवरवर जात राहतो.

स्क्रीनशॉट दाखवूनही कंडक्टर ऐकत नाही याचा पुष्कळांना राग येतो. पण खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप्स आहेत हे त्याला माहीत असतं. ड्युटी संपली की मशीनमधली तिकिटं आणि जमा रक्कम यांचा मेळ बसवावा लागतो आणि तूट आली की जाब त्यालाच विचारला जातो.

तेव्हा त्या क्षणी सरळ रोख द्या आणि तिकीट घ्या. चेकर चढला की तो तिकीट पाहणार, तुमचं बँक खातं नाही. गेलेल्या पैशांचं काम उतरल्यावर करा. ॲपमध्ये तो व्यवहार उघडा आणि त्यातला १२ अंकी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख, टिपून ठेवा. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक नेमकं याच अडचणीसाठी आहे : यूपीआयने दुकानदाराला किंवा सेवा देणाऱ्याला पैसे दिले, खात्यातून वजा झाले, पण समोर खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यानंतर उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. १५-२० रुपयांच्या तिकिटासाठी कोण कटकट करतो, असं म्हणून लोक हे सोडून देतात. तक्रार मात्र ॲपमधूनच, त्या व्यवहाराखालच्या मदतीच्या बटणावरून दोन मिनिटांत होते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पुढच्या वेळी दोन गोष्टी करून पाहा. बसभाड्यापुरतं यूपीआय लाइट सुरू करा. त्यात पिन टाकावा लागत नाही, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात आणि वॉलेटमध्ये ५,००० पर्यंत ठेवता येतात. प्रत्येक तिकिटामागे बँकेच्या मुख्य सर्व्हरला विचारणा होत नाही, म्हणून संध्याकाळच्या गर्दीतही व्यवहार कमी अडतात. इंटरनेट लागतंच, हे ध्यानात असू द्या. दुसरं म्हणजे, रक्कम आधीच भरलेला क्यूआर मशीनवर दाखवायला सांगा. खिडकीला किंवा सीटच्या पाठीला चिकटवलेल्या स्टिकरवर चुकूनही पैसे पाठवू नका. त्या स्टिकरमागे खातं कोणाचं आहे हे बसमध्ये उभं राहून कळत नाही.

प्रश्न : कंडक्टर दहाचा ठोकळा घेत नाही. पाचशेची नोट दिली तर खेकसतो, आणि उरलेले पैसे तिकिटाच्या मागे लिहून देतो. यातलं कायद्याने बरोबर काय?
— गृहिणी, मानेवाडा

उत्तर : ठोकळ्याचं उत्तर सोपं आहे. दहाचं नाणं पूर्ण वैध आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलं होतं की तोवर आलेली १४ वेगवेगळ्या नक्षीची दहाची नाणी चलनात आहेत, रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेलीही. १४४४० वर मिस्ड कॉल दिला की परत फोन येतो आणि ध्वनिमुद्रित माहिती ऐकायला मिळते. वाद वाढलाच तर स्पीकरवर ऐकवा. विदर्भात ही अफवा इतकी मुरली आहे की कंडक्टर नाही म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात पुढचा प्रवासी असतो, ज्याला तो हे नाणं सुटे म्हणून देणार आणि जो ते परत करणार. घरात अशी नाणी साठली असतील तर बँकेत भरा. शाखेला ती नाकारता येत नाहीत. नाण्यांबद्दलच्या २०११ च्या कायद्यानुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी १,००० रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. पन्नास पैसेही अजून रद्द झालेले नाहीत, फक्त ते एका वेळी १० रुपयांपर्यंतच चालतात. चार आणे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बंद आहेत.

पाचशेच्या नोटेबद्दल आमचं मत कंडक्टरच्या बाजूचं आहे. नोट वैध आहे, पण ४८० रुपये चिल्लर लगेच मोजून द्यायची सक्ती त्याच्यावर टाकता येत नाही. सकाळच्या पहिल्या फेरीत त्याच्या पिशवीत सुटे जवळपास नसतातच. एसटीत हा त्रास २५ जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर वाढला, कारण भाडी पाचच्या पटीत राहिली नाहीत. एक-दोन रुपयांसाठी खिसे चाचपडणं तेव्हापासून जास्त झालं.

तिकिटामागे लिहिणं ही जुनी पद्धत आहे आणि ती चालते, पण नीट लिहून घ्या. नुसता '८०' हा आकडा पुरत नाही, कारण तो कोणीही खरडू शकतो. 'देणे ८०' आणि खाली कंडक्टरची सही असू द्या. तुमचा थांबा यायच्या दोन थांबे आधी आठवण करून द्या, दारात उभं राहून नव्हे. उतरल्यावर आठवलं तर त्याच दिवशी तिकीट घेऊन डेपोत जा. ड्युटीच्या शेवटी हिशोबात जास्त आलेली रक्कम जमा करायची असते, त्यामुळे तिकिटावरच्या क्रमांकावरून फेरी सापडते. चार दिवसांनी गेलात तर हात हलवत परत यावं लागेल.

फाटक्या नोटेचंही इथेच सांगून टाकतो. १० किंवा २० ची नोट फाटली आणि सर्वात मोठा अखंड तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर बँक पूर्ण किंमत देते, निम्मा किंवा त्याहून कमी असेल तर काहीच देत नाही. ५० आणि त्यावरच्या नोटांना ८० टक्क्यांहून जास्त तुकडा असेल तर पूर्ण आणि ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी किंमत मिळते. कंडक्टरने चिकटपट्टीवाली नोट नाकारली तर तिथे हुज्जत घालण्यापेक्षा बँक बरी.

प्रश्न : बुटीबोरीला एसटीने गेले तर अर्धं तिकीट, सिटी बसने गेले तर ते अर्धं तिकीट मिळत नाही. रस्ता एकच, बाईही एकच. हा कोणता न्याय?
— वाचक, बेसा

उत्तर : रस्ता एकच असला तरी मालक दोन आहेत. महिलांना निम्मं भाडं ही १७ मार्च २०२३ पासूनची महिला सन्मान योजना राज्य परिवहन महामंडळाच्या बसांसाठी आहे, शहर वाहतुकीला ती लागू नाही. 'आपली बस' म्हणजे आपली सिटी बस महापालिकेची, तिथल्या सवलती महापालिका ठरवते. ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवासाचंही तसंच आहे. ती योजना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीत आहे, आणि ६५ ते ७५ वयाला तिथे निम्मं भाडं लागतं. वर्ध्याकडे जाणारी साधी एसटी बुटीबोरीला थांबत असेल तर ती पकडा, पण गणेशपेठला जायला ऑटोचे किती पडतात तेही बघा. सवलतीत वाचले तेवढे पैसे तिथेच जाऊ शकतात.

दोन ठिकाणी गफलत होते. मोफत प्रवास असला तरी तिकीट घ्यावंच लागतं, शून्य रुपयांचं का होईना. आजोबा-आजी "आमचं फुकट आहे" म्हणून बसून राहतात आणि चेकर आला की अडचण होते. वयाच्या पुराव्याला आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. आणि मध्य प्रदेशात जाणारी एसटी असेल तर महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढचं भाडं पूर्ण लागतं. एकाच तिकिटात दोन दर दिसले तर मशीन बिघडली असं समजू नका.

प्रश्न : माझा थांबा आणि मैत्रिणीचा थांबा शेजारी-शेजारी. तिला कमी भाडं, मला जास्त.
— विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : भाडं थांब्यावर नाही, टप्प्यावर ठरतं. सिटी बसचा टप्पा साधारण २ किलोमीटरचा, एसटीचा ६ किलोमीटरचा. मैत्रीण १.९ किलोमीटरवर उतरते आणि तुम्ही २.२ वर, तर तुम्ही पुढच्या टप्प्यात गेलात. तीनशे मीटर चालायची तयारी असेल तर तिच्याच थांब्यावर उतरा. अंतर बस ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याने मोजतात, त्यामुळे दोन वेगळ्या मार्गांच्या बसला एकाच ठिकाणचं भाडं वेगळं असू शकतं. कुठे जायचं ते चढतानाच थांब्याच्या पूर्ण नावाने सांगा. "हिंगणा" म्हटलं की शेवटचं ठिकाण समजून तिकीट फाटतं, आणि तुम्हाला एमआयडीसीत उतरायचं असतं.

प्रश्न : ऑफिसात महिन्याची तिकिटं जोडावी लागतात. प्लास्टिकच्या पाकिटात नीट ठेवली तरी एप्रिलची तिकिटं कोरी झाली आणि गाडीत राहिलेली काळी पडली.
— फिरतीचे कर्मचारी, वाडी

उत्तर : या तिकिटावर शाई नसतेच. कागदावर उष्णतेने काळा होणारा थर असतो आणि मशीनचं गरम डोकं त्यावर अक्षरं उमटवतं. खात्री करायची असेल तर तिकिटावर नख जोरात ओढा, गुळगुळीत बाजूला काळी रेघ येईल. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापतो. तेवढ्या उष्णतेने तो थर सगळीकडे रंग बदलतो आणि अख्खं तिकीट काळं होतं. कोरं होण्याचं कारण उलटं आहे आणि ते तुमचं पाकीट आहे. मऊ प्लास्टिक लवचीक ठेवण्यासाठी त्यात जी रसायनं मिसळलेली असतात ती कागदाला लागून अक्षरं खातात. सेलोटेप, सॅनिटायझर आणि तेलकट बोटंही तेच करतात. साध्या कागदी लिफाफ्यात ठेवा आणि त्याच दिवशी फोटो काढा किंवा झेरॉक्स मारा. फिकट झालेल्या तिकिटाचा फोटो काढून कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवला तर क्रमांक आणि रक्कम बऱ्याचदा वाचता येते. काळ्या पडलेल्याचं काही होत नाही.

प्रश्न : बँकेच्या रुपे कार्डावर कॉमन मोबिलिटीची खूण आहे. फोनवरून ३०० रुपये टाकले, मशीन शिल्लक शून्य दाखवते.
— वाचक, इंदोरा

उत्तर : पैसे गेलेले नाहीत, फक्त कार्डाच्या चिपपर्यंत पोहोचले नाहीत. बस-मेट्रोचं भाडं एकाच कार्डाने देता यावं अशी ही कॉमन मोबिलिटी कार्डांची योजना मार्च २०१९ मध्ये आली तीच मुळी बँकेला न विचारता, टेकवताक्षणी पैसे कापता यावेत म्हणून. त्यासाठी शिल्लक चिपमध्येच लिहिलेली असते, जास्तीत जास्त २,००० रुपये. फोनवरून भरलेली रक्कम बँकेच्या बाजूला थांबून राहते. ती चिपवर उतरवायला कार्ड एकदा अशा मशीनला लावावं लागतं जिथे 'बॅलन्स अपडेट'ची सोय आहे. ते झालं की शिल्लक दिसेल. कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे गेले असंच समजा, ते बँकेला गोठवता येत नाहीत. म्हणून आठवडाभराच्या भाड्यापेक्षा जास्त त्यात ठेवू नका. आणि दुसऱ्या शहरात चालतं म्हणून इथल्या प्रत्येक मशीनवर चालेलच असं नाही.

प्रश्न : "पुढच्याच चौकात उतरायचं ना?" म्हणून कंडक्टर पाच-दहा रुपये घेतो आणि तिकीट देत नाही. आपण काय करायचं?
— ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : तिकीट मागायचं, आवाज न चढवता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार विनातिकीट प्रवाशाला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि भाडं घेऊन तिकीट न देणाऱ्या किंवा कमी रकमेचं तिकीट देणाऱ्या कंडक्टरलाही तेवढाच. चेकर चढला तर पहिल्यांदा सापडाल तुम्ही. तक्रार करायची असेल तर बसचा पूर्ण क्रमांक टिपा. नागपुरात एमएच ३१, ४० आणि ४९ अशा तीन मालिका धावतात, त्यामुळे नुसते शेवटचे चार आकडे पुरत नाहीत. कुठून कुठे, किती वाजता, कोणत्या बाजूला जाणारी बस, एवढं लिहा. कंडक्टरचं नाव माहीत नसलं तरी चालतं, त्या वेळी त्या बसवर ड्युटी कोणाची होती हे डेपोच्या नोंदीत असतं. "तुमचे कंडक्टर असेच असतात" अशा तक्रारी मात्र फायलीत जातात आणि तिथेच राहतात.