पालिकेच्या क्लासला पाठवू की नको?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि तेव्हापासून ठाण्यात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडी एक प्रश्न सतत असतो. पालिकेच्या तरणतलावावर, मैदानावर, वाचनालयात, बालवाडीत मुलांना पाठवायचं की नाही? खासगी क्लासची फी परवडत नाही, पालिकेचं स्वस्त आणि घराजवळ. पण तिथली माणसं कोण, त्यांना कोणी नेमलं, कोणी तपासलं, काहीच कळत नाही. त्यापेक्षा पोरं घरी बसलेली बरी, असं वाटतं.

ही भीती खोटी नाही. तिला उत्तर म्हणून एका कुटुंबाचा अनुभव सांगते. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मैदान आणि तरणतलाव कोणत्या पालिकेचे तेही सांगत नाही. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, त्यातली एक.

आई रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला जाते, वडील रिक्षा चालवतात, घरी आजी असते. मुलगी चौथीत, मुलगा सातवीत. आई आली होती मुलीसाठी. जेवत नाही, उलट बोलते, आजीच्या अंगावर वस्तू फेकते. हे कधीपासून, असं विचारत गेले तसा उलगडा होत गेला. बातम्या ऐकून आईने मुलीचं पोहणं बंद केलं होतं. मग वाचनालयातलं सुट्टीचं शिबिरही. "मी तिला रागावले नाही हो मॅडम. नुसतं म्हटलं, आता जायचं नाही. एवढ्याशा पोरीला कारण काय सांगणार?"

कारण सांगितलं नाही की मूल ते स्वतः शोधतं, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या चुकीत शोधतं. चित्र काढता काढता मुलगी मला म्हणाली, "माझा गॉगल हरवला ना, म्हणून आईने बंद केलं." तिने मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. आई हे ऐकून गप्प झाली.

मला जास्त काळजी वाटली ती पुढची. मुलं त्रास झाला तरी का सांगत नाहीत, याची कारणं आपल्याला माहीत असतात: धमकी, लाज, आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही ही भीती. पण माझ्यासमोर बसलेल्या मुलांकडून मी ऐकलेलं एक अगदी साधं कारण राहून जातं. सांगितलं तर बंद होईल. क्लास बंद, मैत्रिणी बंद, बाहेर जाणं बंद. काहीही घडलेलं नसताना या मुलीचं पोहणं गेलं होतं. उद्या खरंच काही घडलं, तर ती कशाच्या भरवशावर तोंड उघडेल? म्हणून पालकांना मी पहिलं सांगते की मुलाने काहीही सांगितलं तरी त्याची किंमत मुलाने मोजता कामा नये. बॅच बदलू, जागा बदलू, त्या माणसाला बाजूला करायला लावू. मुलाचा आनंद काढून घेणं शेवटचं.

आईने मुलीला माझ्यासमोरच सांगितलं की चूक तिची नव्हती, आईला भीती वाटली होती. मुलगी थोडी सैलावली आणि सहज बोलून गेली, "दादाला तर सर गाडीवरून घरी सोडतात. त्याला कोणी नाही म्हणत नाही."

आई पटकन म्हणाली, "तो मुलगा आहे, मॅडम."

हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केलेला. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि अशा मुलांमध्ये मुलगे जवळपास ५३ टक्के होते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्यात 'बालक' म्हणजे १८ वर्षांखालची कोणतीही व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी. कायद्याने हे मान्य केलं, घरांनी अजून केलेलं नाही. मुलीला कोंडायचं आणि मुलाला मोकळं सोडायचं, यात दोघंही असुरक्षित राहतात.

मुलगा पालिकेच्या मैदानावर संध्याकाळी कबड्डीला जायचा. प्रशिक्षक ठेकेदाराने नेमलेला. मुलाला बोलावण्याआधी मी आईला बजावलं की घरी उलटतपासणी घ्यायची नाही. 'त्याने तुला हात लावला का?' हा प्रश्न भीतीपोटी येतो, पण मूल त्याला घाबरून 'नाही' म्हणतं आणि विषय कायमचा मिटतो. त्यापेक्षा 'मैदानावर काय काय करता?', 'सर कसे आहेत?', 'तिथे कधी नकोसं वाटतं का?' असं विचारावं आणि मग थांबावं. थांबणंच जड जातं.

मुलगा आल्यावर त्यालाही मी आधी एक गोष्ट स्पष्ट केली. तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुला कोणी त्रास देतंय किंवा देईल असं मला वाटलं, तर ते पुढे सांगावं लागेल, आणि कोणाला सांगणार ते तुला आधी सांगेन. हा माझा नियम नाही, कायद्याचा आहे. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं कोणावरही बंधनकारक आहे. समुपदेशक, शिक्षक, डॉक्टर, शेजारी, कोणीही असो.

त्याने सांगितलं ते असं. सर त्याला इतरांपेक्षा जास्त थांबवून घेतात, कारण तो चांगला खेळतो. गाडीवरून सोडतात. नवे बूट घेऊन दिले. आजीच्या फोनवर रात्री मेसेज करतात: जेवलास का, झोपलास का. बुटांबद्दल म्हणाले होते, "घरी सांग मित्राने दिले. बाकीच्या पोरांना कळलं तर वाईट वाटेल." अंगाला हात लावण्याचं काही नाही. मेसेज मी पाहिले, त्यात अश्लील काही नव्हतं.

मग तक्रार कशाची करायची, असं वडिलांनी विचारलं. गरीब घरातल्या पोराला एखाद्या सरांनी बूट दिले तर ते पुण्यच की. तेही खरं असू शकतं. पण मुलांना शाळेत आपण चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श शिकवतो, आणि तिथेच थांबतो. स्पर्श खूप उशिरा येतो. त्याआधी येते खास वागणूक, भेट, एकटं थांबवणं, आणि घरच्यांपासून लपवायची एक छोटी गोष्ट. ते गुपित पचलं की पुढचं मोठं गुपित सोपं होतं. म्हणून मला बूट खटकले नाहीत, 'घरी सांगू नको' खटकलं. त्या सरांच्या मनात काय होतं ते शोधणं माझं काम नव्हतं आणि आईवडिलांचंही नव्हतं. जी गोष्ट मोठ्या माणसाने मुलासोबत करायलाच नको, ती थांबली पाहिजे, हेतू काहीही असो.

ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांवर २०१३ ते २०१७ एका शाही आयोगाने चौकशी केली आणि ८,००० हून जास्त लोकांचे अनुभव एकेकटे बसवून ऐकले. त्यातून बालसुरक्षित संस्थांसाठी दहा तत्त्वं निघाली. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात तर असे निकष स्थानिक पालिकांनाही बंधनकारक आहेत. त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो: माणसं ओळखण्यावर विसंबायचं नाही, जागाच अशी करायची की मूल आणि मोठा माणूस नजरेआड एकटे राहणार नाहीत.

आपल्याकडेही नियम आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमावलीत म्हटलंय की शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी किंवा मुलांसाठीची कोणतीही सुविधा असो, मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने झाली पाहिजे. कायम नोकरीतला असो की कंत्राटी. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. आज पालिकेच्या सुविधांवर जीवरक्षक, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, प्रशिक्षक असे कितीतरी जण ठेकेदाराकडून येतात. बदलापुरातला आरोपीही कंत्राटी सफाई कर्मचारीच होता.

१०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर सल्ला घेऊन आम्ही पालिकेला अर्ज लिहिला. आईने सांगितलं, मी कागदावर उतरवलं. एकही विशेषण घातलं नाही. कोणत्या वारी किती वाजता थांबवलं, गाडीवर कधी सोडलं, बूट, मेसेज, 'घरी सांगू नको', एवढंच. खाली विचारलं की प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी झाली आहे का, मुलांना खासगी गाडीवर नेण्यास परवानगी आहे का, पालकांनी तक्रार कोणाकडे करायची आणि त्या व्यक्तीचं नाव फलकावर का नाही. आईची सगळ्यात मोठी धास्ती होती, "खोटं निघालं तर आपल्यावरच केस करतील का?" कलम १९ मध्येच लिहिलंय की प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. शिक्षा आहे ती जाणूनबुजून, बदनामीसाठी खोटं सांगणाऱ्याला, आणि मुलाला तर तीही नाही.

कार्यालयात पहिलं उत्तर मिळालं ते अपेक्षितच होतं: "तो ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही." आईने अर्ज परत घेतला नाही. आवक शिक्का मारून पोहोच मागितली. मी प्रत्येकाला सांगते, पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी तक्रार संध्याकाळपर्यंत विरून जाते. पोहोच असली की वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तरी उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकारात पडताळणीचे कागद मागता येतात, त्याला ३० दिवसांची मुदत आहे. इथे तिथवर जावं लागलं नाही. क्रीडा विभागातल्या एका अधिकारी बाईंनी आईला बोलावून नीट ऐकून घेतलं आणि चौकशी होईपर्यंत त्या प्रशिक्षकाला मुलांच्या बॅचवरून काढलं. पडताळणीचा दाखला ठेकेदाराकडे नव्हता, तो मागवला गेला.

कोणती सुविधा कोणाची, हेही आधी पाहावं. पालिकेची बालवाडी पालिकेची. पण अंगणवाडी एकात्मिक बालविकास योजनेतली, तिची तक्रार बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जाते. पालिकेच्या शाळेत शिक्षणहक्क कायद्याने व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, म्हणजे आवाज उठवायला एक जागा आहे. मैदानाला किंवा तरणतलावाला कायद्याने अशी समिती नाही. तिथे पालकांनीच एकमेकांचे नंबर घेऊन गट करावा लागतो. एकटी आई कार्यालयात गेली की तिला 'घाबरट' म्हणून परत पाठवणं सोपं असतं, दहा जणी गेल्या की नसतं.

तरणतलावावर जाल तेव्हा कपडे बदलायच्या खोलीकडे लक्ष द्या. मुलींच्या बाजूला महिला कर्मचारी आहे का, लहान मुलांच्या वेळेत मोठ्यांना आत सोडतात का, शॉवरजवळ कोण रेंगाळतं. कॅमेरा दारावर हवा, कपडे बदलायच्या खोलीत अजिबात नको. असे पालक मला भेटले आहेत जे आतही कॅमेरा मागतात. भीती समजते, पण ती मागणी करू नका.

आणखी एक फरक मनात पक्का ठेवा. आमच्या प्रकरणात अर्ज पालिकेकडे गेला, कारण घडलं होतं ते मर्यादा ओलांडणं. मूल स्पर्शाबद्दल, कपडे काढायला लावल्याबद्दल, फोटो किंवा व्हिडिओबद्दल काही बोललं, तर पालिकेच्या कार्यालयात आधी जाऊ नका. 'आम्ही आतल्या आत मिटवतो' या वाक्याला थारा देऊ नका. थेट पोलीस, ११२ किंवा १०९८. मुलाला पोलीस ठाण्यात न्यावंच लागेल असं नाही. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि मूल कोणतंही असलं तरी आईवडील किंवा त्याच्या विश्वासाचं माणूस सोबत राहू शकतं. नाव, पत्ता, शाळा प्रसिद्ध करायला बंदी आहे. संस्थेच्या प्रमुखाने प्रकरण दडपलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे, तरी प्रत्यक्षात कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. म्हणून सोबत एक शांत डोक्याचं माणूस न्या.

या घरात सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. वडील मुलावरच चिडले होते, "तू बूट घेतलेसच का?" त्यांच्याशी मला वेगळं बसावं लागलं. बारा वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाला नाही म्हणायला हवं होतं, असं आपण म्हणतो, तेव्हा जबाबदारी चुकीच्या खांद्यावर टाकतो. हे त्यांना पटायला वेळ गेला. मुलगा अजून आईवर रुसलेला आहे. त्याचे आवडते सर गेले, आणि आपल्यामुळे गेले असं त्याला वाटतं. त्यावर आमचं बोलणं चालू आहे. कबड्डी त्याची सुटलेली नाही, मैदानही तेच आहे. नव्या प्रशिक्षकांचे निरोप आता पालकांच्या ग्रुपवरच येतात, आणि न्यायला वडील रिक्षा घेऊन येतात किंवा आजी.

मुलीचं पोहणं पुढच्या महिन्याच्या बॅचपासून सुरू झालं. नाव नोंदवताना आईने खिडकीवर विचारलं, मुलींच्या बाजूला कोण असतं. तिथल्या बाईंनी नाव सांगितलं आणि म्हणाल्या, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.