ह्याच बोटानं लावला भंडारा

त्या आल्या तेव्हा दोन्ही हात पदराखाली होते. जूनचा उकाडा, पाऊस लांबलेला, आणि बाई हात झाकून बसलेली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "ताई, तुम्ही खाली ठेवा, मी उचलते," म्हणाल्या. ग्लास टेबलावर ठेवल्यावर त्यांनी उजवा हात बाहेर काढला. बोटांची कातडी सोलवटलेली, पेरांवर लाल भेगा, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. कपडे धुवायच्या साबणानं दिवसातून वीस-पंचवीस वेळा हात धुवायच्या. भाकरी थापणं सोडलं होतं. लेकीच्या तान्ह्या मुलीला चार महिन्यांत एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

मी समुपदेशक आहे. त्यांना मावशी म्हणते. इथेही तेच म्हणेन. गाव, नातीगोती, काही तपशील बदलले आहेत.

चार महिन्यांपूर्वी त्यांचा नातू गेला होता. सुनेला सातव्या महिन्यात रक्तदाब वाढून झटके आले, तातडीनं सिझेरियन करावं लागलं. सून अतिदक्षता विभागात, आणि सोळाशे ग्रॅमचं बाळ समोरच्या इमारतीतल्या नवजात बालकांच्या कक्षात, पेटीत. पाचव्या दिवशी बाळ दगावलं. त्याच आठवड्यात त्या खोलीतली आणखी तीन बाळं गेली. रक्तात जंतुसंसर्ग, असं कागदावर होतं.

पुढे काय झालं ते आपल्याकडे कुणालाही सांगता येईल. रुग्णालयाच्या दारात जमाव, कक्षाच्या काचा फुटल्या, दुसऱ्या दिवशी गाव बंद, तिसऱ्या दिवशी पुढाऱ्यांच्या भेटी आणि तीन जणांची चौकशी समिती. मावशींचा मुलगा मोर्चात सगळ्यात पुढे होता. मी त्याला दोष देत नाही. चार बाळं गेल्यावर लोक घरात गप्प बसले असते तर ते जास्त वाईट झालं असतं. पण जमाव विचारत होता, "कोण?" आणि या प्रश्नाला घाईघाईनं मिळणारं उत्तर जवळजवळ नेहमी सगळ्यात दुबळ्या माणसाचं नाव असतं.

इथेही तसंच झालं. पहिलं नाव निघालं एका ऊसतोड कामगार बाईचं. तिचं बाळ सगळ्यात आधी आजारी पडलं होतं, म्हणून "तिनंच फडातून घाण आणली" असं मोबाइलवर फिरलं. तिचंही बाळ गेलं होतं, हे त्या मेसेजात कुणी लिहिलं नाही. दुसरं नाव कंत्राटी सिस्टरचं. चौकशी सुरू व्हायच्या आधीच तिला घरी बसवलं. आणि मावशींच्या घरात तिसरं नाव निघालं, तेही कुणी मोठ्यानं न उच्चारता. बाळाजवळ जाऊन आलेल्या त्या एकट्याच होत्या.

रुग्णालयातल्या संसर्गानं कुणी गेलं की घरचे माझ्याकडे जो प्रश्न घेऊन येतात तो डॉक्टरांविषयी नसतोच. "तिथं नेलं ते आम्हीच ना?" हा तो प्रश्न. 2021 मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, डोळा गमावलेल्यांच्या घरची माणसं हेच विचारत होती. "आणखी दोन दिवस ठेवून घ्या" म्हणणारा मुलगा, गावातला दवाखाना सोडून शहरात नेणारी बायको, भेटायला आलेली आत्या, प्रत्येकाला वाटतं आपल्याच हातून झालं. मावशींच्या बाबतीत "हातून" हा शब्द अक्षरशः खरा होता.

तिसऱ्या भेटीत त्यांनी पदराची गाठ सोडली. आत वर्तमानपत्राची चौपदरी पुडी, तिच्यात चिमूटभर जेजुरीचा भंडारा. पुडीच्या घड्या पिवळ्या पडलेल्या. "मंगळवारी दुपारी त्या सिस्टरच्या पाया पडले. म्हटलं, दोन मिनिटं सोड बाई आत. तिनं चपला काढायला लावल्या, गाऊन दिला, हात धुवून घेतले. मी धुतले, ताई. आणि आत गेल्यावर गाठ सोडली. ह्याच बोटानं लावला भंडारा. कपाळाला. सिस्टर पाठमोरी होती."

मग खूप वेळानं म्हणाल्या, "समितीनं विचारलं, बाहेरचं कुणी आत गेलं होतं का. मी न्हाई म्हणाले."

अशा वेळी समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपण सगळेच एक वाक्य म्हणतो: तुमचं काहीच चुकलं नाही. मावशींच्या भावजयीनं ते म्हटलं होतं, किराणा दुकानदारानंही म्हटलं होतं. त्याचा उपयोग शून्य झाला, कारण मावशींना ठाऊक होतं की काहीतरी चुकलं आहे. माझं काम होतं त्यांच्यासोबत बसून ते "काहीतरी" नेमकं किती, हे मोजण्याचं. अपराधाची भावना नुसती पुसून टाकायला गेलं की ती हातावर उतरते, साबणाच्या फेसात.

मी विचारलं, "मावशी, नक्की काय झालं हे कागदावरून कळलं तर ऐकायची तयारी आहे? तुमच्या बाजूनं निघेलच असं मी सांगू शकत नाही." त्या दोन आठवडे आल्या नाहीत. मग फोन आला, "चला."

मुलाला केस पेपर मागायला सांगितलं. हे अनेकांना माहीत नसतं म्हणून लिहिते: रुग्णानं किंवा नातेवाइकानं लेखी मागणी केली की 72 तासांत कागद द्यावेत, असं 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांतच आहे. भांडण न करता, एका अर्जावर मिळतात. ते कागद घेऊन आम्ही तपासात असलेल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी वेळ दिला, आणि मुख्य म्हणजे खुर्ची मावशींच्या शेजारी ओढून घेतली.

साथीचा तपास कसा चालतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. एका मोठ्या कागदावर आडव्या रेघा, प्रत्येक बाळाची एक. कुठल्या दिवशी दाखल, कुठल्या वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या पलंगावर), शेजारी कोण, कुठली औषधं, रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहायची चाचणी) कधी पाठवलं, कधी वाढलं. मग खोलीतले स्वॅब: सिंक, नळ, ऑक्सिजन ओलसर करणारं ह्युमिडिफायर, सक्शनच्या नळ्या, वजनकाटा, सगळ्यांचे हात. चारही बाळांच्या रक्तात क्लेबसिएला नावाचा एकच जंतू निघाला होता आणि तो बहुतेक अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हता. तोच जंतू सिंकच्या मोरीत सापडला. आणि तोच सापडला अर्ध्या लिटरच्या एका उघड्या सलाईनच्या बाटलीत. इंजेक्शनं पातळ करायला लागणाऱ्या छोट्या कुप्यांचा साठा संपला होता. म्हणून बुचात सुई खोचून ठेवलेली ती एकच बाटली दिवसभर सगळ्या बाळांसाठी वापरली जात होती. तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी अशी अपेक्षा असते. त्या रात्रपाळीला वीसच्या वर बाळं होती आणि सिस्टर एकच.

डॉक्टरबाईंनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "हे पहिल्या बाळाचं कल्चर आधीच्या गुरुवारी पाठवलं. तुमचं बाळ सोमवारी आलं. तुम्ही मंगळवारी. मावशी, तुम्ही दारात पाऊल ठेवायच्या आधी पाच दिवस हा जंतू त्या खोलीत होता. तुमच्या बाळाच्या रक्तात निघाला तोही हाच."

मावशींनी पुडी टेबलावर ठेवली. "ही तपासता का?"

"आता तपासून काही कळणार नाही. आणि हे पेटीजवळ न्यायचं नसतं. पुन्हा कधीच, कुणाच्याच बाळाजवळ नेऊ नका. त्यातून दुसरा एखादा जंतू गेला असता." डॉक्टरबाई थांबल्या. "पण तुमचं बाळ यानं गेलं नाही."

मला त्या बाईंचं फार मोल वाटलं. त्यांनी चूक झाकली नाही आणि तिला तिच्या मापापेक्षा मोठीही केली नाही.

ऊसतोडीच्या त्या आईबद्दलही मी विचारलं. आधी सापडलं म्हणजे तिनंच आणलं असं म्हणता येतं का? त्यांनी अमेरिकेतलं उदाहरण सांगितलं. 2011 साली बेथेस्डाच्या क्लिनिकल सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारच्या बिनीच्या संशोधन रुग्णालयात, क्लेबसिएलाच पसरला होता. 18 रुग्णांना लागण झाली, 11 जण दगावले, त्यातले 6 थेट या संसर्गानं. तिथल्या संशोधकांनी प्रत्येक रुग्णाच्या जंतूची जनुकं वाचून त्याची वाट शोधली. तेव्हा दिसलं की रुग्ण ज्या क्रमानं सापडले त्या क्रमानं जंतू पसरलाच नव्हता. काहींच्या अंगात तो लक्षणं न दाखवता आठवडेच्या आठवडे बसून होता. तो सिंकच्या मोरीत सापडला, आणि निर्जंतुक करून ठेवलेल्या व्हेंटिलेटरवरही. लोकांना हे कळलं 2012 च्या ऑगस्टमध्ये, शोधनिबंध छापून आल्यावर, आणि लोक भडकले. इतके दिवस का सांगितलं नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

हा राग मला पटतो. आमच्या इथेही पहिलं बाळ आजारी पडल्यावर घरच्यांना कुणी काही सांगितलं असतं, दारावर साधा कागद लावला असता, तर काचा फुटल्या नसत्या असं मला मनापासून वाटतं. रुग्णालय गप्प बसलं की ती जागा मोबाइलवरचे मेसेज भरून काढतात. डॉक्टर-सिस्टरांवर हात उगारणं महाराष्ट्रात 2010 च्या कायद्यानं अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण कायद्याची पाटी लावून विश्वास येत नाही. तो "इथे असं घडलंय, आम्ही शोधतोय, उद्या चार वाजता पुन्हा सांगू" एवढ्या वाक्यानं येतो.

परतताना गाडीत मी मावशींना व्हिएन्नाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. इग्नाझ सेमेलवाइस. बाळंतिणी तापानं मरत होत्या आणि कारण कळत नव्हतं. 1847 मध्ये त्याच्या ध्यानात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासायला जातात. त्यानं क्लोरिनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाया दगावत होत्या, जूनमध्ये दोन. आणि हा शोध लावणाऱ्यानं स्वतः कितीतरी शवविच्छेदनं केलेली! आपल्यामुळे किती जणी अकाली गेल्या ते देवालाच ठाऊक, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं.

"मग त्यानं काय केलं?" मावशींनी विचारलं.

"सांगत सुटला. ऐकणाऱ्यांना राग आला, तरी सांगत राहिला."

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर म्हणाल्या, "मला त्या समितीच्या सायबाकडं न्या."

त्यांची खरी चूक ही होती, मोजून निघालेली. बाळाचं जाणं त्यांच्या हिशेबात नव्हतं. सिस्टरला एकटं पाडून "न्हाई" म्हणणं होतं. त्यांनी जबाब दिला: मी गयावया केली म्हणून तिनं सोडलं, हात धुवून घेतले, भंडारा मी तिच्या नकळत लावला. खाली अंगठा नाही, सही केली, तिसरीत शिकलेली. समितीच्या अहवालात कुप्यांचा तुटवडा, ती बाटली आणि रात्रपाळीची संख्या या गोष्टी आल्या. सिस्टरला परत घेतलं, पण दुसऱ्या तालुक्यात. मावशी तिला भेटायला गेल्या तेव्हा तिनं दार उघडलं, पाणी दिलं, बोलली मात्र फारशी नाही. तसं होणारच. माफी मागितली म्हणून ती मिळालीच पाहिजे असा हट्ट धरू नका, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

हात धुणं एका दिवसात थांबलं नाही. आम्ही ते वेळेशी बांधलं: जेवणाआधी, स्वयंपाकाआधी, संडासहून आल्यावर. मधे ऊर्मी आली की दहा मिनिटं थांबायचं आणि हातांना खोबरेल लावायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं, काही महिने गोळ्या चालल्या. दिवसाकाठी एवढ्या वेळा हात धुतले जात असतील, झोप उडाली असेल, तर नुसत्या बोलण्यावर विसंबू नये.

सगळ्यात अवघड राहिली सून. तिनं बाळाला एकदाच पाहिलं होतं, तिसऱ्या दिवशी, चाकाच्या खुर्चीवरून, काचेबाहेरून. तोवर साथीचा संशय आल्यानं आत सोडणं बंद झालं होतं. ती सासूशी चार महिने कामापुरतं बोलत होती. मावशी म्हणायच्या, ती मला खुनी समजते. मी सुनेला एकदा सोबत यायची विनंती केली. ती आली, दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

मावशींनी तिला सगळं सांगितलं. सिस्टर, पुडी, बोट, समितीपुढचं खोटं. कागदावरचा गुरुवार आणि मंगळवारही सांगितला, पण तो शेवटी, आणि हळू आवाजात. सून खाली बघत ऐकत होती. मी मधे बोलले नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "म्हणजे तुम्ही त्याला हात लावला होता?"

"व्हय गं."

"कपाळाला?"

"व्हय."

सून उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. "कसं होतं, आत्या? मला कुणीच सांगितलं नाही. गरम होतं का?"

मावशींनी उजवा हात पदराखालून काढला. भेगा भरत आल्या होत्या. "न्हाई. गार होतं जरा. आणि लई मऊ. बोट लावलं तशी त्यानं भुवई वर केली. तुज्यासारखी."