इव्हेंटिंगचा (घोडेस्वारीची तीन टप्प्यांची स्पर्धा) घोडा क्रॉस-कंट्रीत (मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड) चोख, पण शो जंपिंगमध्ये (रिंगणातल्या दांड्यांवरून उड्या) दांड्या पाडतो. काय करावं?

अडथळ्यांची उंची वाढवू नका, आधी कँटर (घोड्याची संथ, लयीतली दौड) सुधारा. क्रॉस-कंट्रीचे अडथळे पक्के असतात, तिथे घोडा लांब, सपाट अंगाने गेला नि खूर घासला तरी निभावतं. शो जंपिंगची दांडी स्पर्शानेही पडते, आणि प्रत्येक दांडीला ४ पेनल्टी. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे इव्हेंटिंग स्वार फवाद मिर्झांना शो जंपिंगच्या पहिल्या फेरीत अशाच ८ बसल्या; तरी ते अंतिम फेरीत गेले आणि २३वे आले.

जमिनीवर सुमारे १८ मीटर अंतराने दोन दांड्या ठेवा. मधलं अंतर कँटरमध्ये आधी पाच ढांगांत काटा, मग सहा, मग चार. ढांग आखडताना नुसता लगाम ओढाल तर घोडा मान वर करून पाठ पोकळ करतो. पोटऱ्या लावलेल्याच ठेवा, तुम्ही उंच बसा; मागचे पाय पोटाखाली आले पाहिजेत. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

दुसरं, स्वारच घाईने पुढे झुकतो. घोड्याच्या पुढच्या पायांवर ऐन वेळी भार पडतो आणि दांडी जाते. घोडा उडेपर्यंत थांबा.

क्रॉस-कंट्रीच्या दुसऱ्या दिवशी शो जंपिंगची फेरी असेल, तर वॉर्म-अपला चालणं जास्त, उड्या मोजक्याच.