डब्यातला टोमॅटो की लाल भोपळा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. हिवाळ्यात इथल्या ताज्या टोमॅटोला चव नसते, म्हणून डबाबंद टोमॅटो वापरतो. लाल भोपळा मात्र मुलं पानात टाकतात. भोपळ्याऐवजी टोमॅटोच दिले तर पोषण तेवढंच मिळेल का?

उत्तर : नाही. उष्मांक जवळपास सारखे आहेत : 100 ग्रॅम उकडून निथळलेल्या भोपळ्यात सुमारे 20, रसासकट टोमॅटोत 17. प्रथिनं दोन्हींत एक ग्रॅमही नाहीत. खरा फरक रंगद्रव्यात आहे. भोपळ्याचा केशरी रंग कॅरोटिनचा, आणि त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. टोमॅटोचा लाल रंग मुख्यतः लायकोपीनचा. त्यापासून अ जीवनसत्त्व अजिबात बनत नाही.

म्हणून 100 ग्रॅम भोपळ्यातून सुमारे 288 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळतं, तेवढ्याच टोमॅटोतून विसाच्या आसपास. दीडशे ग्रॅम भोपळ्यात प्रौढ स्त्रीची दिवसाची निम्मी गरज (एकूण 840) भागते. टोमॅटोतून तेवढं हवं तर 28 औंसाचे (सुमारे 800 ग्रॅमचे) जवळजवळ तीन डबे संपवावे लागतील! मुलांना भोपळा नकोच असेल, तर गाजर, रताळं किंवा पालक द्या.

टोमॅटोची बाजूही पडकी नाही. क जीवनसत्त्व 100 ग्रॅममागे साधारण 12 मिलिग्रॅम, उकडलेल्या भोपळ्यात पाचसुद्धा नाही. डबा भरताना तापवल्यामुळे लायकोपीन कच्च्या टोमॅटोपेक्षा सहज शोषलं जातं. दोन्ही रंगद्रव्यं तेलात विरघळणारी आहेत, तेव्हा चमचाभर तेलाची फोडणी हवीच. बिनतेलाचं सूप करून ‘पौष्टिक’ म्हणण्यात अर्थ नाही.

डब्यात खटकतं ते मीठ. मीठ घातलेल्या 100 ग्रॅम टोमॅटोत सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम सोडियम असतं, बिनमिठाच्यात दहाच्या आसपास. ते रसातच मुरलेलं असल्याने धुऊन जात नाही. लेबलवर ‘नो सॉल्ट अ‍ॅडेड’ बघूनच घ्या.

आणि भोपळा भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतू नका. कॅरोटिन जागेवर राहतं, पण क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्याबरोबर मोरीत जातं. मोठ्या फोडी करून झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा, किंवा ते पाणी भाजीतच आटवा. (मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर नेमकं उलट : पाणी फेका.) फोड कापल्यावर गर फिकट पिवळा निघाला तर कॅरोटिन कमीच समजा, गडद केशरी निवडा.

घारग्यांसाठी तिकडचा डबाबंद भोपळ्याचा गर उत्तम. तो दाट असल्याने अ जीवनसत्त्व उकडलेल्या भोपळ्याच्या अडीचपटीहून जास्त. फक्त शेजारचा ‘पम्पकिन पाय फिलिंग’चा डबा उचलू नका, त्यात साखर आणि मसाला घातलेला असतो.

प्रश्न : अर्धा डबा टोमॅटो उरले तर डब्यातच फ्रिजमध्ये ठेवले तर चालतात का?

उत्तर : नको. उघड्या डब्यात हवा लागली की टोमॅटोचं आम्ल आतल्या कथलाच्या मुलाम्यावर काम करतं आणि धातूची चव उतरते. काचेच्या बरणीत काढा, तीन-चार दिवसांत संपवा. जास्त दिवस हवे असतील तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. न उघडलेला डबाच फुगलेला दिसला, तर चाखूनही न बघता फेकायचा.

प्रश्न : रोज भोपळ्याचं सूप देतो. बाळाचे तळहात पिवळे दिसतात. कावीळ असेल का?

उत्तर : आधी डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढरा शुभ्र असेल तर बहुधा कॅरोटिनच त्वचेत साठलंय. ते निरुपद्रवी असतं. भोपळा-गाजर कमी केलं की काही आठवड्यांत रंग उतरतो. डोळे पिवळे किंवा लघवी गडद असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.