हवा सोडलीत, पण परत कुठे भरणार?

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी फोर बाय फोर गाडी घेतली. वेल्ह्याच्या पुढे सासुरवाडी आहे. शेवटचे तीन किलोमीटर कच्चे, नुसते दगड आणि दोन खडे चढ. गेल्या महिन्यात तिथे चाकं जागच्या जागी फिरली. सोबतचा मित्र म्हणाला, चाकांतली हवा कमी कर, गाडी सरळ चढेल. आमचा नेहमीचा पंक्चरवाला म्हणतो, कमी हवेनं टायर फुटतो. खरं कोणाचं? आणि कमी करायची तर किती?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोघांचंही खरं आहे. तुमचा मित्र कच्च्या रस्त्याचं बोलतोय आणि पंक्चरवाला डांबरी रस्त्याचं. तुम्हाला एकाच दिवसात दोन्हींवरून जायचंय, म्हणून दोघांचंही ऐकायला हवं.

आधी मित्राचं. चाकात ३२ हवा (म्हणजे ३२ पीएसआय दाब, इथले सगळे आकडे त्यातलेच) असते तेव्हा टायर टणक असतो. दगडावर तो एवढासा टेकतो आणि उसळतो. तीच हवा २२ वर आणली की रबर दबतं, दगड त्यात बसतो. टायर जमिनीला टेकतो ती जागाही वाढते, आणि ती रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढते. पकड येते ती त्यातून. शिवाय गाडी कमी हादरते, मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला आराम मिळतो. मला तर हा फायदा चढापेक्षा मोठा वाटतो.

तुमच्या वाटेला २२ ते २४ पुरे. वाळूत लोक १८ पर्यंत उतरतात. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊच नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. जुन्या जीपला ट्यूब असेल तर आणखी जपायचं, कारण कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून फाटतो. मोठ्या अलॉय रिमवरचे बुटके टायर असतील तर त्यांना दबायला जागाच नसते, २६ च्या खाली आणू नका.

वाळूचा विषय निघालाच आहे, तर कळकळीनं सांगते. दिवेआगर, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर गाडी घालायला कुणी बोलावलं तरी जाऊ नका. हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि वाळूखालचं घरटं गाडीतून दिसत नाही. मुळशीकडच्या भातखाचरांनाही हेच लागू. बांध तुटला तर तो घालायला त्या शेतकऱ्याला पुन्हा राबावं लागतं. यवत-दौंडकडची ओली काळी माती तर टायरच्या नक्षीत बसून चाक गुळगुळीत करते. तिथे हवा कमी करून फारसं साधत नाही, माती सुकायची वाट बघावी.

आता पंक्चरवाल्याचं. माझ्या वडिलांचं नाना पेठेत टायरचं दुकान होतं, लहानपणापासून मी टायर आतून बघत आलेय. तरीही चूक केली. बऱ्याच वर्षांपूर्वी तुमच्याच रस्त्यानं परतताना अंधार पडला होता, पाऊस होता. हवा १८ होती. भरायचा कंटाळा केला आणि नसरापूर फाट्यावरून तशीच हायवेला लागले, ऐंशीच्या वेगानं. खेड शिवापूरच्या पुढे मागून रबराचा जळका वास यायला लागला. कडेला घेतली. टायरला हात लावला तर चटका बसला. स्टेपनी चढवून घरी आले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी टायर रिमवरून उतरवला आणि उपडा केला, तर आतून मूठभर काळा भुगा पडला. टायरच्या बाजू आतून झिजल्या होत्या. बाहेरून तो अगदी नवा दिसत होता. वडील काही बोलले नाहीत, तो भुगा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, त्यानं ती तापते. ताशी वीस-पंचवीसवर ही उष्णता निघून जाते, ऐंशीवर साठत जाते. म्हणून हवा परत भरायची सोय गाडीत असेल तरच सोडा. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर घ्या, आणि बॅटरीला थेट चिमटे लावायचा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठे कंप्रेसर फ्यूज उडवतात. भरताना इंजिन चालू ठेवा. दोन चाकं झाली की कंप्रेसरला दहा मिनिटं विसावा द्या, तोही तापतो. त्याच्यावरच्या काट्यावर विसंबू नका. पंप बंद करून हवा मोजायच्या वेगळ्या गेजनं मोजा.

हवा सोडायची जागा म्हणजे डांबर संपतं तिथला सपाट भाग. पहिल्या चाकाची हवा मोजत सोडा, किती सेकंद लागले ते बघा, बाकीच्यांना तेवढेच सेकंद द्या आणि शेवटी चारही मोजा. वॉल्व्हच्या टोप्या खिशात ठेवा. कच्च्यावर वेग तीसच्या आत, वळण हळू. कमी हवेत टायरच्या बाजू बाहेर फुगतात, तेव्हा कडेच्या धारदार दगडांपासून चाक लांब ठेवा. बाजू चिरली तर तिथे पंक्चरची पट्टी टिकत नाही, टायर बदलावाच लागतो.

परतताना त्याच जागी थांबून भरा. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. चालून आलेला टायर गरम असतो आणि काटा दोन-चार जास्त दाखवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी पुन्हा मोजा.

आणि त्या पंक्चरवाल्याकडे एकदा निवांत जा. वॉल्व्हच्या आतली, हवा अडवून धरणारी पिन कशी काढायची आणि बसवायची ते त्याच्याकडून शिकून घ्या, दोन जादा पिना विकत घ्या. वेल्ह्याच्या पुढे एक पिन गवतात पडली तर तिथे ती मिळणार नाही.